चौदा क्रमांकाचं घर

अउसर्द छावणी,
गुरुवार, १६ एप्रिल १९९८

चि. नुएनास,
लहबीबचा सलाम. आई, तुझी वहिनी घालिया, आमची मरियम आहेत तशा आहेत. वि. वि.

आज सकाळपासून वाळूचा वारा होता. शाळा दहालाच सोडली. शेळ्यांना पुठ्ठा फाडून घातला. दुपारी दवाखान्याच्या गाडीतून तुझं पाकीट आलं.

मरियमच्या रक्तातले आकडे नोव्हेंबरात होते तेवढेच आहेत. तू गहू बंद करायला सांगितल्यापासून पाच महिने तिचं भांडं वेगळं आहे. त्यात फक्त भात, मसूर, दूध. आपल्याकडे लहान मुलाला सगळ्यांच्या परातीवरून उठवून वेगळं बसवणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. पहिला महिनाभर ती विचारायची की तिने काय केलंय. तरी पोट तसंच फुगलेलं, दंड तसेच काड्यांसारखे. आमच्या थोरल्या सुएल्माचंही असंच सुरू झालं होतं. ती गेली तेव्हा मरियमएवढीच होती.

तू लिहितेस की कोणीतरी मरियमला चोरून गहू देत असणार. मी ते घरात वाचून दाखवलं नाही. पण माझा संशय शेजारच्या तफर्रावर आहे. ती रोज वाळूत पाव भाजते. तिचा मुलगाही तुझ्या आजारी मुलांच्या यादीवर आहे, पण त्याचीही तिला पर्वा दिसत नाही. मरियम तिच्याकडे गेली की तंबूचा पडदा पडतो. परवा मी विचारलं, तर म्हणाली की मास्तर, पोरीच्या तोंडाला कुलूप लावलंत, आता माझ्या पडद्यालाही लावा. तिच्या बाह्यांवर पीठ होतं.

आणखी एक. रक्त घ्यायला आलेल्या डॉक्टरच्या फायलीत मी एक ओळ पाहिली. ‘घर क्र. १४. मुलं दोन, मृत एक.’ अक्षर तुझं. तुझ्या संशोधनाला आपलं घर बरं सापडलं, असं मनात आलं. आलं ते लिहिलं.

लोभ असला तर खरं उत्तर दे.
लहबीब


ग्रानादा,
स्पेन, २ मे १९९८

प्रिय दादा,
नुएनाचा सलाम. आईच्या कपाळाला माझ्या वतीने ओठ लाव. वि. वि.

अक्षर माझंच आहे. चौदाव्या घराची ओळ मी दुसऱ्या कोणाला लिहू दिली नाही.

मी क्यूबाहून डॉक्टर होऊन आले तेव्हा फुगलेल्या पोटाच्या मुलांना छावणीत जंतांचं औषध देत. मीही दोन वर्षं दिलं. इथे आल्यावर कळलं की काही आतड्यांना पावच सोसत नाही. आपल्या मुलांत हा आजार असणार, असं मी म्हटलं तेव्हा माझे प्राध्यापक हसले. म्हणाले, निर्वासितांची पोटं रिकामी असतात, नाजूक नव्हेत. तेव्हापासून सात वर्षं बर्फाच्या पेट्यांतून रक्त ने-आण करते आहे. या सात वर्षांत माझ्याच भाचीचं, सुएल्माचं रक्त घ्यायचं मला सुचलं नाही. तेव्हा संशय घ्यायचाच तर रांगेत मी पहिली उभी आहे.

आता नीट वाच. सत्तर घरांपैकी जवळजवळ सगळीकडे आकडे उतरले. पाच घरांत उतरले नाहीत, आणि पाचही तुझ्या गल्लीतली. प्राध्यापक म्हणतात, ही माणसं खोटं बोलतात, काढून टाका. काढली तर प्रबंध स्वच्छ होईल आणि त्या पाच मुलांकडे पुन्हा कोणी बघणार नाही. मुदत जूनअखेर आहे. निषिद्ध अन्नाची छापील स्पॅनिश यादी तूच पाचही घरांत वाचून दाखवलीस, म्हणून त्या बाबतीत मी निर्धास्त आहे.

तफर्राचं म्हणशील, तर तिचा पाव मी खाल्लाय. तो कोणी चोरून खाईल असं वाटत नाही. मला आईची शंका येते. ती रडणाऱ्या मुलापुढे विरघळते. तू आठ दिवस पाळत ठेव. मरियमच्या तोंडात जाईल ते सगळं लिही, जे तुला खाणं वाटत नाही तेसुद्धा.

रागावलास तरी पत्र टाक.
तुझी नुएना


अउसर्द छावणी,
२४ मे १९९८

चि. नुएनास,
सलाम. सर्वांची प्रकृती तशीच. वि. वि.

आठ दिवस शाळेला म्हणून निघालो आणि मागून परत आलो. पहिले तीन दिवस तफर्रावर नजर ठेवली. पडद्याआड ती मरियमची वेणी घालते आणि तिला खजूर देते. पाव घरातल्या मोठ्यांसाठी असतो, तो ती उंच टांगून ठेवते. चौथ्या दिवशी तिने मला पाहिलं आणि विचारलं की मास्तर, आज शाळा माझ्या तंबूमागे भरणार का.

सहाव्या दिवशी शेळ्यांच्या कुंपणामागे आई सापडली. कपात भाजलेल्या जवाचं पीठ, साखर, तूप. बलगमान. मरियम बोटाने चाटत होती. मी कप हिसकावला, तशी ती रडू लागली.

आई मुळीच वरमली नाही. म्हणाली की यादी तूच वाचलीस, गहू, पाव, बिस्किटं, शेवया. त्यात जवाचं नाव घेतलं होतंस का? हा जव तुझ्या मामाने आपल्या मूळ मुलखातल्या जमिनीवरून आणलाय. मदतीच्या पिठाने पोरगी सुकली, तिला आपलं काही नको का? मग लपून का देतेस, असं मी विचारलं. म्हणाली, हल्ली तू घासागणिक बघतोस, पोरीच्या घशाखाली उतरत नाही.

मी यादी काढली. गव्हाच्या खाली, दुसऱ्या ओळीत, जव आहे. मला स्पॅनिश येतं. ती ओळ मी वाचून दाखवली नव्हती. विसरलो नव्हतो.

सुएल्माच्या शेवटच्या तीन आठवड्यांत तिला बलगमान मी भरवायचो, माझ्या बोटाने. ती नको म्हणून तोंड फिरवायची. मी म्हणायचो, ताकद येईल. तुझी यादी आली तेव्हा त्या ओळीवर माझी नजर थांबली आणि मी पुढे गेलो. स्पेनमधला जव वेगळा असेल, असं स्वतःला सांगितलं. पाचही घरांत तसंच वाचलं. सगळीकडे जव आहे, मामानेच वाटला होता. आणि मग मी शेजारणीच्या बाह्यांवरचं पीठ पाहत बसलो.

ती घरं खोटं बोलत नाहीत. त्यांना काढू नकोस. माझं नाव हवं तर लिही.

लहबीब


ग्रानादा,
९ जून १९९८

प्रिय दादा,
सलाम. वि. वि.

दोन पत्रं लिहून फाडली, हे तिसरं. सुएल्मा त्याआधी तीन वर्षं रोज पाव खात होती. ती तीन आठवड्यांच्या बलगमानाने गेली, असं कोणताही डॉक्टर लिहिणार नाही. मरियमचे सहा महिने मात्र तुझ्यामुळे वाया गेले. तेही मला लिहायलाच हवं, नाहीतर सुएल्माबद्दलच्या वाक्यावर तू विश्वास ठेवणार नाहीस.

प्राध्यापकांना तुझं पत्र नाव झाकून वाचून दाखवलं. म्हणाले, खोटं बोलणारं घर सापडलं तर. मी म्हटलं, खरं सांगणारं सापडलं. पाचही घरं राहतील. प्रबंधाची मुदत वाढवून घेतली आहे, ऑक्टोबरात पुन्हा रक्त घेऊ. तोवर जव बंद.

उरलेल्या चार घरांत चिठ्ठी पाठवू नकोस, स्वतः जा. त्याआधी घालियाला सांग. आणि मी आईवर संशय घेतला हे तिला मीच येऊन सांगेन.

माया कमी झालेली नाही.
नुएना


अउसर्द छावणी,
२८ जून १९९८

चि. नुएनास,
सलाम. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी घालियाला सांगितलं. तिने एकच विचारलं, की सुएल्मा तोंड फिरवायची तेव्हा तुला काही कळलं होतं का. मी नाही म्हणालो. तिने ते खरं धरलं की नाही, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मरियमला घेऊन ती बहिणीच्या तंबूत राहायला गेली. म्हणाली की ऑक्टोबरच्या तपासणीपर्यंत पोरीला तुझ्या हातचं काही नको.

चारही घरांत जाऊन आलो. दोन ठिकाणी मला चहा दिला, एका ठिकाणी दिला नाही. तफर्राकडे शेवटी गेलो. ती ऐकताना हसली नाही. मुलाला जवळ ओढून त्याचं पोट चाचपत राहिली. मग म्हणाली की मास्तर, माझ्या तंबूमागे उभे राहिलात ते मी मनात धरत नाही. पण पुढची यादी मी दुसऱ्या कोणाकडून वाचून घेईन. मी म्हटलं, घ्या.

मरियमला लांबून पाहतो. घालिया म्हणते की या आठवड्यात तिने दोनदा भात मागून घेतला. त्यावरून काही ठरवू नये, हे मला कळतं. तांदूळ मी रोज सकाळी नेऊन देतो. घालिया घेते, पण माझ्यासमोर पुन्हा निवडून पाहते, दाणा न् दाणा. मी उभा राहतो.

माझ्याबद्दल लोभ उरला असेल तेवढा राहू दे. आई दुपारची झोपली आहे. उद्याच्या तांदळातले खडे काढायचे आहेत. उजेड आहे तोवर बसतो.

लहबीब