हितेंद्र बालनगरीची वाटणी

कामिनीला पाहायला आलेले पाहुणे तिच्या वडिलांनी, रतिलालकाकांनी, माझ्या तिकिटाच्या बालनगरीच्या गेटवरून माघारी वळवून समोरच्या फुकटच्या सरकारी बागेत नेले, त्या घटकेला माझा धंदाही गेला आणि मीही.

मी, हितेंद्र जीवराम भोळे, वय तेवीस, बी.कॉम. अर्धवट, राहणार असोदा, पूर्ण शुद्धीत आणि शांत डोक्याने (आई म्हणते, ‘शांत’ खोड) लिहून ठेवतो की, धुळ्याच्या रुपचंदशेठकडे जत्रेतल्या आकाशपाळण्यावर उद्यापासून कामाला चाललो आहे. उंचावर चढायचं काम आहे. मरायची घाई नाही, पण मागे भांडण नको.

१. बालनगरीची जागा आबांची, ती त्यांचीच. घसरगुंडी काढून खुशाल केळी लावावी. बँकेत काही उरलं असलं तर ते आईचं.

२. छोटी आगगाडी बबलूला. तोच ती चालवायचा. समोर बाग झाल्यावरही रोज रिकामी फिरवायचा, चाकं गंजू नयेत म्हणून.

३. सरकारी बागेला माझ्याकडचं काही देऊ नये, कचऱ्याचा डबासुद्धा. तिथे पाणी, दिवे, पाळणे, सगळं फुकट. वीजबिल भरून मी किती दिवस टक्कर द्यायची? (आई म्हणते, पोरांनी तुझं काय बिघडवलं? बरं. घसरगुंडी त्यांना द्यावी.)

४. रतिलालकाकांना काही नाही. मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांना गावात कुणी चहासुद्धा विकत देत नाही, हे मला माहीत होतं. तरी मुद्दाम तिकिटं मागितली. काका म्हणाले, "काबरं रे, पाव्हन्याले बी तिकीट?" मी म्हणालो, "नवरदेवाचं डबल." ते निघून गेले. तिकडच्या बाकावरच होकार झाला आणि तेव्हापासून गावातलं कुणी माझ्याकडे फिरकलं नाही. त्या नवरदेवाचा गॉगल मात्र अजून डोळ्यांत सलतो.

५. निंबाखालचा झोपाळा कामिनीला.

हे पाचवं कलम रद्द. ते लिहीत होतो तेवढ्यात तीच आली. म्हणाली, "साक्षीदार पाहिजे म्हणे तुले."

मी म्हटलं, वकील सांगतात, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये.

"ठाऊक हाये. सही कोठी करू?"

लिहून देणार : हितेंद्र जीवराम भोळे
साक्षीदार : १. कामिनी रतिलाल चौधरी
२. प्रेमराज कोल्हे, शेजारचे मळेवाले
असोदा, जि. जळगाव. ९ फेब्रुवारी २०२५

ही ओळ मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहितो आहे. सही करून ती गेली. मग मीही बाहेर आलो आणि गेट ओढून घेतलं.