अर्ज करू नका, असं मीच म्हणालो होतो

मुरबाड, सोमवार, संध्याकाळ

दुपारपासून ते एकच वाक्य डोक्यातून जात नाही.

वैशाखरे गावचा गोमा बायकोला घेऊन आला होता. जंगलातला त्याचा नाचणीचा तुकडा सरकारजमा झाला. शेजाऱ्यांनी जमीन नावावर करून घ्यायला अर्ज केले होते, त्यांचे तुकडे राहिले. यानेच केला नव्हता.

"का नाही केलास?" मी तापलो.

"तुमीच बोल्लात ना भाऊ, आपल्याच जमिनीसाठी अर्ज कसला करायचा?"

बोललो होतो. खासदारकीच्या प्रचारात, त्याच्याच पाड्यावर. टाळ्या पडल्या, म्हणून पुढच्या प्रत्येक सभेत तेच वाक्य. विधानसभेत, लोकसभेत इतकी वर्षं घसा फोडला, माझा शब्द कुणी पाळला नाही. पाळला तो याने, आणि तोही नेमका हा शब्द.

"मी सांगत व्हते, लोकांबरोबर तू पण कर," बायको म्हणाली. "तर म्हणं, भाऊ उगाच बोलायचं नाय."

अधिकाऱ्याला फोन केला. मुदत संपली, म्हणाला. मी आता माजी आहे, हे त्याच्या आवाजातच होतं. इतकं वाचलेला माणूस मी, एकही युक्तिवाद सुचू नये?

शेवटी अंगणात गोमाचे हात धरले. म्हणालो, "ते वाक्य टाळ्यांसाठी होतं रे. तुझी जमीन माझ्या जिभेने खाल्ली." वाटलं, आता तरी शिवी देईल. द्यावी.

त्याचे डोळे भरले. बायकोकडे वळून म्हणाला, "ऐकलंस ना? असं बोलणारा मानूस हाय का दुसरा?"