एकेचाळिसाव्या माणसाची जागा

मी, कमला दसरू शेंडे, वय चौसष्ट, निवृत्त शिक्षिका, अविवाहित, राहणार ब्रह्मपुरी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचाही धाक नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. नसतं, तर अजून 'नवलोक' कंपनीची वर्गणी भरत बसले असते.

१. राहतं घर व बँकेतली ठेव माझी भाची आचल, म्हणजे माझा दिवंगत भाऊ उमाजी याची मुलगी, हिला मिळावी.

२. संगणक, माइक व सगळे पासवर्डही तिलाच. का, ते खाली.

३. उमाजी झाडीपट्टीतला नट. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, रात्री त्याचं नाटक पाहायला चार गावं लोटत. लकव्यानं पाय गेला, आवाज शाबूत होता. म्हणून मी व आचलने नवलोकमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आभासी जगात, जागा भाड्याने घेऊन नाटकाचा मंडप उभारला. पुण्या-हैदराबादची आपली माणसं बाहुल्यांच्या रूपात तिथं येऊन बसणार, उमाजी घरून माइकवर बोलणार. २००८ च्या मंडईला पब्लिक भराभर आत आलं. उमाजी थांबला. "हिरो काय पब्लिकच्या आधी जाऊन बसून राह्यते?" मग त्याने बटन दाबलं. पाटी आली: चाळीस पूर्ण, प्रवेश बंद. ज्याचं नाटक तोच बाहेर! एकाला उठवावं, तर दुसराच घुसे. "कमला, मले आत काऊन घेत नाई हे?" तो विचारत राहिला. माझ्या बहिणीचा मुलगा विक्की त्या कंपनीचा नागपूरचा एजंट. फोन केला तर म्हणतो, "मावशी, मशीनले चाळीसच झेपते. तांत्रिक मर्यादा हाये." दुसऱ्या दिवशी मोठ्या योजनेचे पैसे भरले, तर त्याच मशीनला शंभर झेपायला लागले! वा रे मर्यादा! पण मंडई सरली होती. उमाजीने पुन्हा माइक हातात घेतला नाही. माघात गेला.

४. आमच्याच हातचा मंडप नवलोकवाले बाहेर नेऊ देत नाहीत. सडो तिथंच. आचलने एक मुक्त प्रोग्राम घरच्या संगणकावर चढवला. त्याच्या आत काय आहे ते कोणीही पाहावं, बदलावं. त्यात ती थोर तांत्रिक मर्यादा म्हणजे नुसता एक आकडा निघाला. पोरीने तो खोडून मोठा लिहिला आणि मंडप पुन्हा उभारला. यंदा सत्तर जण बसले. संगणक धापा टाकत होता, पण कोणाला हाकललं नाही. हा प्रोग्राम मी कोणाच्या नावे करत नाही, कारण तो सगळ्यांचाच आहे.

५. तालमीत भरून ठेवलेला उमाजीचा आवाज दर मंडईला लावावा. आधी त्याची बाहुली आत घ्यावी, मग पब्लिक. रिवाज मोडला तरी चालेल.

६. विक्कीला काही नाही. वकील म्हणाले, ज्याला काही मिळत नाही असा साक्षीदार बरा. मग याच्याहून लायक माणूस मी कुठून आणू? सही करण्याआधी त्याने कलम तीन मोठ्यानं वाचावं.

ब्रह्मपुरी, १२ डिसेंबर २००९
सही: कमला दसरू शेंडे

आमच्यासमोर सही केली. साक्षीदार:

सोमारी बुधू मडावी, शेजारीण

विक्की श्रीहरी बोरकर. कलम तीन वाचलो. शेवटची ओळ मले वाचवली नाई, आचलनं वाचली.