हत्तीछाप पोलाद

पौष वद्य तृतीया, शके १८५६

तांड्यावरच्या प्रेमसिंगाची कुऱ्हाड फुटली. माझ्या सोनाजीनं हत्तीछापाचं लाल पातं पाण्यात बुडवलं अन् टक् — आरपार तडा. या महिन्यातली तिसरी. माझं पोरगं बापापासून एकच शिकलं — हत्तीछाप पोलादाला पाणी, मोरछापाला करडीचं तेल. आजवर चुकलं न्हाई. प्रेमसिंग जाताना हळूच म्हणाला, "हात गेला तुमचा, दादा."

नातसूनबाई, लिहिताना रडू नको. मला वाचता येत न्हाई, पण शाई पसरलेली दिसते.

पौष वद्य पंचमी

गावातला दुसरा लोहार उकंडराव पारावर म्हणाला म्हणे — "सोनाजीला आता खुरपंबी जमंना." त्याचं हसणं त्याच्या भात्याहून मोठं.

पौष वद्य अष्टमी

सोनाजी म्हणतो, भट्टी मोडतो, पूर्णेला ठेसनावर मजुरी करतो. जेवला न्हाई. "ओझी उचलायची तर जेवून जा," मी म्हणलं. हसलाबी न्हाई.

पौष वद्य एकादशी

फुटकं पातं घेऊन मीच कळमनुरीच्या बाजारात गेले. संतराम लोखंडवाल्यापुढं टाकलं. "पोलाद इकता का गुळाची ढेप?"

तो खाली बघून बोलला — विलायतेत हत्तीवाला, मोरवाला, असे लई कारखाने होते. धंदा बसला तसे सारे एक झाले. मोरवाल्याची भट्टी ठेवली, बाकीच्या विझवल्या. "पण ठसे तेच ठेवले, आजी; हत्तीच्या ठशाखाली आता मोराचंच पोलाद. गिऱ्हाईक ठसा बघून घेतं."

मी तिथंच पोत्यावर टेकले. केवढी असल ती भट्टी — साऱ्यांचं पोलाद एकटीनं ओतणारी! समुद्रापल्याड कुणी हत्तीवाल्याची आग विझवली, अन् तडा गेला आमच्या कुरुंद्यात. त्या मालकाला कुरुंदा ठाऊक न्हाई. माझं लेकरू मात्र आपल्याच हाताकडं बघून राहिलं होतं.

माघ शुद्ध प्रतिपदा

काल अमावास्या, काम बंद, ऐरण झाकलेली. आज सोनाजीनं माझं ऐकून हत्ती तेलात बुडवला. तडा न्हाई. पातं उन्हात धरून कितीतरी वेळ बघत बसला. मग म्हणाला, "आई, उद्या मोरबी बदलला तं? आता दर पट्टी आधी फोडून बघावी लागंल. एकट्याला कसं झेपावं?"

"आधी जेव," मी म्हणलं. आज जेवला, लिहून ठेव.

माघ शुद्ध तृतीया

उकंडराव आला. धोतराच्या सोग्यात दोन फुटकी हत्तीछाप पाती. "बाकीची हिरीत टाकली, काकू. कुणाला सांगू नका." मागं गाडीत त्याची ऐरण.

सोनाजीनं आपली ऐरण सरकवली. उकंडरावाच्या ऐरणीला जागा केली.