दुसऱ्या अंकातलं चालणं

गुरुजी,

आपलं ते जुनं प्रेमाच्या घोटाळ्याचं नाटक आम्ही परवा तुमच्या माघारी भिंगारात पुन्हा उभं केलं. तुम्ही करायचात तो लग्नाला उतावळा म्हातारा या खेपेला माझ्या वाट्याला आला. तालमीत माझं काम म्हणजे मीठ विसरलेली आमटी. नाटक बसवणारी पोर एकदा म्हणालीच, "काका, तुमचा म्हातारा नुसता बोलतोय. त्याला पाय हायेत का न्हाईत?" ते मनाला लागलं. प्रयोगात पहिला अंक गार गेला, आणि दुसऱ्या अंकात नायिकेला फूल द्यायला मी निघालो तो पाय फरफटत, हात छातीशी वाकडा धरून. अर्धांगवायूनंतर तुम्ही चालायचात तसा. मंडप हसून फुटला. मागून कोणीतरी ओरडलं, "आरं, हे तर आपले गुरुजी!" आणि पुढच्याच खुर्चीवर आमच्या काकू, तुमच्या घरच्या, बसलेल्या.

तरणा होतो तेव्हा मी बाजारातल्या लंगड्या भाजीवालीची अशीच नक्कल केली होती, ती समोर बसलेली असताना. तुम्ही विंगेत माझी चिकटवलेली मिशी ओढून काढलीत. "दुसऱ्याच्या दुखण्यावर टाळ्या घेतोस व्हय रे? उद्या तिच्याकडूनच भाजी आणायची!" गेलो. तिनं कोथिंबीर जास्तीची घातली. ती भाजी घरी नेईपर्यंत माझी मान वर झाली नाही. एवढं शिकूनही आता तुमचाच पाय उचलला.

पडदा पडला आणि काकू रंगपटात आल्या. मी त्यांच्या पायाशी वाकलो. शिव्या खायची तयारीच होती. त्या म्हणाल्या, "ऊठ. ते डावा ओढायचे, तू उजवा ओढलास. आता नीट चाल बघू." कपड्यांच्या ट्रंकांमधनं मी चाललो. हसायला कोणी नव्हतं. तोंडाशी पदर धरून त्या बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आणखी एकदा." निघताना दारात थांबल्या. "सगळी विसरली रे त्यांना. तू तेवढा न्हाई विसरलास."

त्यांना खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही, म्हणून हे तुम्हाला लिहितोय. कागद माझ्याच घरात राहील. गुरुजी, तो पाय ओढताना मला तुमची आठवण नव्हती, हशा हवा होता. आला तो लई गोड लागला. काकू दिसल्या, तरी मी आणखी एक फेरी मारली.