पत्रिकांची कौलं

ज्ञानेश,

मी दिंडोरीला मावशीकडे चाललेय, आईला सांग.

माळ्यावर तुम्ही दडवलेले माझ्या लग्नपत्रिकांचे गठ्ठे सापडले. तुझ्या त्या टेबलावर मांडायच्या लढाईच्या खेळातल्या चिमुकल्या घराला कौलं हवी होती ना? हा पुठ्ठा जाड आहे. डबाभर कापून ठेवलीत. कडा खरवडल्यात, म्हणजे जुनी दिसतील. खालच्या रांगेपासून चिकटवत जा, छापील बाजू आत.

लग्न शेखरने मोडलं, तुझी-त्याची दोस्ती कशाला मोडायची? रविवारी हे घर घेऊन त्याच्याकडेच खेळायला जाशील.

एक कौल वेगळं ठेवलंय. त्यावर ‘चि. सौ. कां.’ एवढंच आलंय, पुढचं माझं नाव कापलं गेलं. ते बरोबर दारावर लाव, छापील बाजू वर करून. रंगवू नकोस.

वाचू दे त्याला.

– ताई