कॅमेऱ्यासमोर प्रकृती उत्तम

१ मार्च
लेकीने मोबाइलवर डॉक्टर लावून दिलेत. दर सोमवारी व्हिडिओवर तपासणी, तीही तिच्या घरून बघणार. तब्येत ढासळलेली दिसली तर उचलून आपल्याकडे नेणार, असा दम भरलाय. नवव्या मजल्यावर मी काय करू? बघू या, कशी नेते ते. चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. एकाही गिऱ्हाइकाला आहे तसं दाखवलं नाही, म्हणून तर लोक परत आले.

३ मार्च, सोमवार, सकाळी ११
तयारी चोख. डावीकडून दिवा, उजवीकडे उजेड परतवायला पांढरी चादर धरून ही. हात दुखतात म्हणे. लग्नापासून हेच. डोळ्यांखालची सूज गायब. डॉक्टर म्हणाले, एकदम फ्रेश दिसताय. व्हिडिओ-डॉक्टरांना नाकं मुरडणाऱ्या म्हाताऱ्यांची कीव येते.

७ मार्च
चपला पायात जाईनात. उन्हात वाळून आखडल्या असणार. जिन्यात तीनदा थांबलो. शेजाऱ्यांच्या कुंड्या बघत होतो, दुसरं काही नाही.

१० मार्च, सोमवार
पायांना सूज आहे का, डॉक्टरांनी विचारलं. नाही म्हणालो. कॅमेरा छातीपर्यंतच, ही या पद्धतीची मोठी सोय. लेक खूश. ही नंतर म्हणाली, मला सगळं दिसतं हो. प्रकाशयोजनेतलं हिला काय कळतंय.

१४ मार्च
आडवं झालं की दम लागतो. खुर्चीतच झोपतो. पाठीला चांगलं असतं. सोमवारसाठी माळ्यावरचा दुसरा दिवा काढायचा. नक्की.

१५ मार्च
स्टुलापर्यंत गेलो. तिथेच बसलो. भीती वाटली. (हे वाक्य खोडायचं.)

१७ मार्च, सोमवार
हिने घात केला. डॉक्टर तब्येत झकास म्हणत असतानाच चादर टाकली, दिवा बंद केला आणि फोन माझ्या पायांवर धरला. म्हणाली, आता बघा. डॉक्टरांनी बोटाने दाबायला सांगितलं. हिने दाबलं. खड्डा पडला तो भरेचना. पलीकडे लेक रडायला लागली. मी काय करणार, फोन हिच्या हातात.

१८ मार्च, हॉस्पिटल
हृदय थकलंय म्हणाले. लेक संध्याकाळी पोहोचतेय. हिने दोघांच्या बॅगा भरल्यात. मला विचारलंही नाही.
नर्सने फाइलसाठी फोटो काढला. डोक्यावर ट्यूबलाइट, मान वाकडी, नाकात नळी. जरा डावीकडून घ्या म्हणायचं होतं, तेवढा दम नव्हता.
कसा आलाय, हिने विचारलं.
हुबेहूब, म्हणालो.